सालदाराच्या टोपलीतली भाकरी

॥ श्री ॥

धुळे, ता. १६ नोव्हेंबर १९८८

सौ. लताबाईस झुंबरबाईचा आशीर्वाद. वि. वि. तुम्ही सगळे खुशाल असालच. आम्ही भाऊबीज आटोपून सुखरूप पोचलो, एवढीच इकडची खुशाली.

पत्रास कारण तुला ठाऊक असेल. भाऊबीजेच्या पंगतीत लीलाधर, आमचे हे, मुलं, सगळ्यांच्या ताटात गव्हाच्या पोळ्या आणि शेवयांची खीर. आणि माझ्या बापाच्या ताटात काय, तर कळण्याची काळी भाकरी! तीही सालदार नथ्थूसाठी थापलेल्या टोपलीतली. मी डोळ्यांनी पाहिलं. तू टोपलीवरचं फडकं काढलंस, चार भाकरी नथ्थूला बांधून दिल्यास आणि उरल्या त्या नानांना वाढल्यास. ज्यांच्या बागेतली केळी सावद्याहून दिल्लीला जातात, ते जीवरामनाना आपल्याच घरात गड्याचं जेवण जेवतात! आमचे हे जावई म्हणून त्यांना पोळी, आणि घरधन्याला भाकरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नानांनी मला ओट्यावर बोलावून सांगितलं की हे रोजचंच आहे. आई असती तर तिने तुझ्या हातातली टोपली उकिरड्यावर फेकली असती. माझा भाऊ लीलाधर बायकोच्या शब्दाबाहेर नाही, म्हणून त्याला न लिहिता तुलाच लिहिते आहे.

कळावे. लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुझी नणंद
झुंबरबाई


॥ श्री ॥

फैजपूर, ता. २३ नोव्हेंबर १९८८

ती. सौ. अक्कांस लताचा शि. सा. नमस्कार वि. वि. आपलं पत्र पोचलं. घेतलं हातात, लागलं काळजाला.

अक्का, दसऱ्याच्या आधी नानांना साखरेचा आजार निघाला हे तुम्हाला कळवलं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी जी चिठ्ठी लिहून दिली ती माझ्याजवळ डब्यात आहे. तिच्यावर ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी असं स्वच्छ लिहिलंय. आमच्याकडे दादर ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळतात, त्याचीच ती कळण्याची भाकरी. नथ्थूला आणि नानांना पीठ एक, तवा एक, म्हणून टोपली एक. नानांच्या मानासाठी मी दुसरी चूल मांडायची का?

साखरेचं म्हणाल तर नानांच्या चहात मी एक दाणा पडू देत नाही. डॉक्टरांनी साखर बंद केली असं नानांनीच बाहेर येऊन सांगितलं. तेव्हापासून चहा गुळाचा करते. मधल्या वेळी भूक लागली तर आपल्याच बागेतली दोन पिकलेली केळी देते. सासऱ्याचं याहून जास्त कोणती सून करते ते मला दाखवून द्या.

धुळ्यात बसून फैजपूरच्या चुलीवर नजर ठेवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एवढा कळवळा असेल तर या, नानांना घेऊन जा आणि दोन महिने सांभाळून दाखवा.

थोरांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. राग आला तर येऊ द्यावा, मलाही आला आहे.

आपली
लता


॥ श्री ॥

धुळे, ता. १४ डिसेंबर १९८८

सौ. लताबाईस आशीर्वाद. वि. वि. तू घेऊन जा म्हणालीस, मी घेऊन आले. लीलाधर स्टँडवर पोचवायला आला तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ते कुणाचं शिकवणं आहे ते मी ओळखते.

नाना इथे आल्यापासून त्यांनी भाकरीचं नाव काढलेलं नाही. आजारी माणसाला पोटाला हलकं द्यावं, एवढं तरी तुला कुणी सांगायला हवं होतं. सकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर टोस्ट देते. दोन्ही वेळा मऊ, पांढराशुभ्र भात. सोमवारी साबुदाण्याची खिचडी, ती तर नाना दोनदा मागून घेतात. घरात साखरेचा डबा मी माळ्यावर ठेवलाय. शेजारच्या ताईबाईंना तुमच्या भाकरीचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, बठ्ठं बंद ते माणूसनी खावानं काय? खरंच, सगळंच बंद तर माणसाने खायचं काय? नाना अंगानेही जरा भरलेत. तहान मात्र फार लागते, ती कोरड्या हवेने असेल.

मी घेऊन दिलेल्या नव्या चपलेने त्यांच्या डाव्या अंगठ्याला लागलंय. पंधरा दिवस झाले. हळद भरते रोज, पण थंडीमुळे सुकत नाही. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. नाहीतर लपवलं म्हणून तूच बोंब मारशील.

नाना म्हणतात, लेकीकडे आलो आणि जेवलो. याच्यावर मी काय लिहू!

झुंबरबाई


॥ श्री ॥

फैजपूर, ता. २८ डिसेंबर १९८८

ती. सौ. अक्कांस नमस्कार. आज खुशाली विचारत नाही.

तुमचं पत्र घेऊन आम्ही दोघं जळगावला त्याच डॉक्टरांकडे गेलो. मी त्यांना तुमच्या घरचं एकेक खाणं वाचून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. मैद्याचा टोस्ट, पांढरा भात, साबुदाणा हे तोंडाला गोड नसलं तरी पोटात गेलं की त्याची साखरच होते, आणि ती धावत रक्तात जाते. सालासकट दळलेल्या धान्याची, डाळीची आणि पाल्याचीही होते थोडी, पण ती हळूहळू उतरते, शरीराला झेपते. म्हणजे जे तुम्ही हलकं म्हणून वाढताय तेच नानांना जड आहे.

मग मी माझ्या घरचं सांगितलं. त्यावर मलाही तेवढ्याच शिव्या बसल्या. गूळ म्हणजे साखरेचाच सख्खा भाऊ, आणि पिकलेली दोन दोन केळी रोज द्यायला मी काय नानांची वैरीण आहे, असं त्यांनी लीलाधरांदेखत विचारलं. मी चुकले. हे तुम्हाला लिहिताना माझा हात जड झाला, पण पाय नानांचा आहे म्हणून लिहिते.

न सुकणाऱ्या जखमेचं ऐकून डॉक्टर उठून उभे राहिले. अक्का, भांडण मागाहून करू, मी कुठे पळून जात नाही. हळद बंद करा आणि हे पत्र पुरतं वाचायच्या आत नानांना दवाखान्यात न्या.

लता


॥ श्री ॥

धुळे, ता. १९ जानेवारी १९८९

सौ. लताबाईस. आशीर्वाद द्यायला मन होत नाही.

नवव्या तारखेला नानांचा डावा अंगठा काढला. आधी काळा पडला, मग वास येऊ लागला. डॉक्टरांनी विचारलं की यांना काय खाऊ घालत होता. मी त्यांना तुझा गूळ सांगितला, तुझी केळी सांगितली. ते म्हणाले, मग आणखी काय होणार! ऐकलंस? एवढी शहाणी होतीस तर दसऱ्यापासून गुळाचा चहा कुणी पाजला?

नाना भिंत धरून चालतात. आता डॉक्टर सांगतील तेच शिजवते, भाकरीसुद्धा. ती माझ्या हातून मोडते, तरी नाना मुकाट्याने खातात. डॉक्टरांनी निळ्या पाण्याची बाटली आणि काचेची नळी दिली आहे. नळीत ते पाणी घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी साखर, विटकरी झालं तर फार. रोज सकाळी हे करताना मला तू आठवतेस, आणि चांगल्या अर्थाने नाही.

नाना आता फैजपूरला येणार नाहीत. मीही अक्षय्य तृतीयेला, अखाजीला येणार नाही. माझं माहेर त्या अंगठ्याबरोबर गेलं असं समज.

झुंबरबाई


॥ श्री ॥

धुळे, ता. २ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. लताबाईस जीवरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र मी झुंबरला वाचून दाखवून पेटीत टाकणार आहे, म्हणजे पुन्हा एकीला एक आणि दुसरीला दुसरं असं व्हायला नको.

दसऱ्याआधी जळगावच्या डॉक्टरांनी काय खायचं ते चिठ्ठीवर लिहिलं, काय नाही खायचं ते तोंडी सांगितलं. लीलाधर तेव्हा खाली औषध घ्यायला गेला होता. डॉक्टर म्हणाले, साखर, गूळ, केळी, भात, साबुदाणा, मैदा सगळं बंद. मी बाहेर येऊन फक्त साखर सांगितली. जन्मभर केळी पिकवली बाई, आणि म्हातारपणी ती दुसऱ्याने खाताना बघायची, हे मला सोसेना.

भाकरीचंही तसंच. तू वाढायचीस तेव्हा नथ्थूच्या टोपलीतलं खायची मला लाज वाटे. ओट्यासमोरून जाणारा येणारा काय म्हणेल, हेच मनात. म्हणून भाऊबीजेला झुंबरचे कान मीच भरले. इथे आलो, तिच्या हातचा भात ओरपला आणि तुझी निंदा केली. तुम्ही दोघी एकमेकींवर तुटून पडलात, मी मधे पडलो नाही. पडलो असतो तर दोन्ही घरचं गोड बंद झालं असतं. तुमचं भांडण माझ्या पथ्यावर पडलं होतं.

नथ्थू माझ्याच वयाचा. कालच मनात आलं, त्याच्या पायाची दहाही बोटं जागेवर आहेत.

इथवरचं झुंबरला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. तूही रागाव, तो तुझा हक्क आहे. फक्त तिच्यावर नको.

जीवराम


॥ श्री ॥

धुळे, ता. २० फेब्रुवारी १९८९

सौ. लतास आशीर्वाद. वि. वि. नानांचं पत्र पोचलं असेल. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, तेव्हा ताईबाई भिंतीपलीकडून ऐकायला आल्या, एवढं बोलले.

आता माझं ऐक. तुझं डिसेंबरचं पत्र मला जानेवारीच्या दोन तारखेलाच मिळालं होतं. नानांना परत न्यायचा तुझा डाव आहे असं वाटून मी ते फळीवर ठेवलं आणि पाच दिवस हळदच भरली. दवाखान्यात डॉक्टरांना तुझा गूळ सांगितला, माझा टोस्ट आणि भात सांगितलाच नाही. हे नानांनाही ठाऊक नाही. अंगठ्यातला माझा वाटा मी कुणावर ढकलू?

आणि दुसरं. परवा नानांची नळी हिरवी आली. इतकी कडक भाकरी चावून पुन्हा हिरवी कशी, म्हणून मला वाटलं निळं पाणीच खराब झालंय. ते तपासायला मी माझे आठ थेंब टाकले. माझं निळंच राहायला हवं होतं. लता, विटेसारखं लाल झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तसंच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मलाही साखरेचाच आजार निघाला. मला गेल्या वर्षापासून तहान लागते. मी समजत होते धुळ्याचं पाणीच तसं.

मला भीती वाटते. सकाळी उठले की आधी पायाची बोटं बघते.

कळण्याचं पीठ पाठव. नानांसाठी मागते असं समजू नकोस, माझ्यासाठी मागते आहे. इथल्या गिरणीवाल्याला उडीद घालून दळ म्हटलं तर तो हसतो. भाकरी मोडू नये म्हणून काय करतेस तेही लिही. नानांना यातलं काही सांगू नकोस. आपल्याकडूनच लेकीला आलं असं म्हणून ते जेवण टाकतील.

मागे तुला जे लिहिलं ते लिहायला नको होतं. याहून जास्त माफी मला मागता येत नाही.

झुंबरबाई


॥ श्री ॥

फैजपूर, ता. २६ फेब्रुवारी १९८९

ती. सौ. अक्कांस लताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून रडले, आणि लगेच रागही आला. पाच दिवस फळीवर! तो राग मी अजून ठेवलाय. अखाजीला माहेरी या, म्हणजे समोरासमोर काढते. नानांना घेऊन या. पुरणपोळ्या बाकीच्यांना होतील. तुम्हा बापलेकीला पंगतीत, सगळ्यांदेखत, भाकरी वाढणार आहे. लाज वाटली तर एकमेकांकडे बघा.

पिठाला पाणी कढत घ्या आणि चांगलं मळा, म्हणजे मोडणार नाही. थापताना घाई करू नका, ती तुमची जुनी खोड आहे. रोज पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. अनवाणी फिरू नका. नानांना मी काही सांगणार नाही, तुम्ही त्यांच्या सोबतीला भाकरी खाता एवढंच म्हणेन.

पीठ धुळ्याला निघालेल्या तोतारामभाऊंबरोबर पाठवते आहे. नवं दळायला वेळ नव्हता. घरात होतं तेवढं सगळं कळण्याचं पीठ तुमच्या पिशवीत भरलं, त्यामुळे आज नथ्थूच्या फडक्यात गव्हाच्या पोळ्या बांधल्या. दुपारपर्यंत पोटाला पुरत नाहीत म्हणून तो कुरकुरतच मळ्यात गेला.

आपली
लता