मोलकरणीच्या तोंडी घातलेलं वाक्य

अमरावती, रविवार, २१ जानेवारी १९६२

आज कॉलेजात युरोपातला सिनेमा होता. भाषा कोणालाच कळत नाही, म्हणून नेहमीसारखा मी पडद्याशेजारी उभा राहून, प्राध्यापकांनी दिलेल्या कागदावरून गोष्ट मराठीत सांगत होतो.

एका मोठ्या घरच्या बाईचं मन बिघडलेलं. नवरा बोलतो, डॉक्टर बोलतो. काळी मोलकरीण रोज तिचे केस विंचरते, पण तिला अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. मला राहवलं नाही. तिच्या वतीने मीच म्हटलं, "बाई येडी नाही, तिच्या मनात भेव बसलं."

नंतर प्राध्यापक चिडले. "कागदात नसलेलं कशाला सांगता?"

"केस ती विंचरते. कळलं असेल तर तिलाच."

मी चुकलो का? मुळीच नाही. गावी पाटलांना आमची सावली चालत नसे. त्यांची सून भ्रमिष्ट झाली, तिला गोठ्यात ठेवलं, तेव्हा मात्र केस विंचरायला माझ्या आईला बोलावणं यायचं.

संध्याकाळी आईला विचारलं, "विंचरताना तू तिले काय म्हणत होतीस?"

"मी काहून म्हणू? ते सूनच बोलत जाय. मी आयकत जाओ."

उद्या अकोल्याला हाच सिनेमा आहे. केस विंचरायची वेळ आली की मी गप्प उभा राहणार. प्राध्यापक रागावले म्हणून नाही. ती मोलकरीण ऐकून राहिली आहे, ते लोकांना दिसलं पाहिजे.