सॅक्सोफोनवाल्याचे श्वास

सोमवार, ३
लागली एकदाची नोकरी! जुनी ध्वनिमुद्रणं नव्या तबकड्यांवर काढणारी छोटी कंपनी. माझी खोली तळघरात, पण खुर्ची ऐटदार. पहिलंच काम एका दिवंगत सॅक्सोफोनवादकाचं. एक तबकडी व्हायोलिनच्या ताफ्यासोबतची, दुसरी तिघाचौघांच्या साथीची. टेपवरची खरखर काढायची. दादा म्हणाला, तुला दुसऱ्याच्या घरातली जळमटं काढायची हौसच आहे. जळतो मेला.

गुरुवार, ६
खरखर गेली. आता गृहस्थाचा श्वास खटकतो. दोन ओळींमध्ये असा ओढतो, जणू पाण्याखालून वर आलाय. सगळे श्वास कापले. व्हायोलिनवाल्या संथ रचनेत तर सूर ताणून पुढच्या सुराला सांधले. अख्खी रचना एका दमात वाजवल्यासारखी वाटते. मालक खूश, मी त्याहून खूश.

मंगळवार, ११
वादकाची मुलगी ऐकायला आली आणि मध्येच उठली. बाबांचे श्वास कुठे गेले, विचारलं. शेवटच्या आजारात ते एकेका श्वासासाठी तडफडले म्हणे. परत घाल, म्हणाली. हात जोडले हो तिनं. मालक म्हणाले, तबकड्या छापून झाल्या, शुक्रवारी दुकानांत जाणार. मला वाईट वाटलं, पण मी पुढची टेप लावली.

शनिवार, १५
दुपारी कपडे वाळत घालताना श्वास अडकला. तोंड उघडं, पण हवाच आत येईना. सुटला, पुन्हा अडकला. खालच्या मजल्यावर कुणीतरी आमचीच तबकडी लावली होती. नेमकं जिथे मी कापलं, तिथेच अडकत होता. माझी कात्री मला कळते.

सोमवार, १७
डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत. मालकांना म्हटलं, तबकड्या परत मागवा, माझा जीव जातोय. रजा घे म्हणाले. खप जोरात आहे.

बुधवार, १९
आता तबकडी माझ्या कानावर पडावीही लागत नाही. गावात कुठेही कुणी लावली की— 
सुटला श्वास. त्या मुलीला फोन केला, माफी मागितली. ती रडली. बाबांचंही असंच व्हायचं म्हणाली.

गुरुवार, २०
संध्याकाळी रेडिओवर ती संथ रचना लागणार आहे. पूर्ण. रेडिओवाल्यांना फोन केला, लावू नका म्हणून विनवलं. हसले.
दादा माझ्याकडे यायला निघालाय. फार भीती वाटते.
शेजारच्यांचा रेडिओ— व्हायोलिनं सुरू झाली.
या रचनेत मी श्वासाला एकही जागा ठेवलेली नाही. हवा भरून घेतेय, जेवढी मावेल— सॅक्सोफोन यायला अजून थोडा—