महागातलाच घेतला, अप्पा

अप्पा, मी महागातला घेतला. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट ऐकता येईल. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, पण एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की दुकानाच्या पायरीवर अजून तुम्हीच उभे असता आणि हनुवटीनं मधल्या खणाकडं खूण करता. या खेपेला मी तिकडं पाहिलं नाही. माफी मागायला हे लिहीत नाहीये, हेही आत्ताच ऐकून ठेवा.

टॅबलेट म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागेल. तुमच्या वेळी त्याचा अर्थ एकच होता, सरकारी दवाखान्यात कागदाच्या पुडीत मिळायची ती गोळी. मायला फोनवर सांगितलं तर ती घाबरलीच. "काहून गं, काय दुखून राहिलं तुझं? एवढी महागाची गोळी कोन्या डॉक्टरनं लिहून दिली?" मी हसत सुटले. मग सांगितलं, पाटीएवढी काच असते, माय, तिच्यावर पेनानं चित्र काढता येतं, पुसता येतं, हवा तो रंग भरता येतो. "मग पाटीच घे की," ती म्हणाली. तिचंही बरोबरच आहे. पाटी आम्हा दोघा भावंडांत एकच होती आणि ती मला भावाच्या नंतर मिळायची.

मला नोकरी लागलेली तुम्ही पाहिलीत. शिरड शहापूरच्या शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अजून शिकवते, राहतोही आम्ही शिरडलाच. पण मी चित्रं काढते हे तुम्ही पाहिलं नाही, कारण आठवीनंतर तुम्ही होता तोवर मी काढतच नव्हते. आठ वर्षांपूर्वी शाळेच्या भिंती रंगवायच्या ठरल्या, ज्याला सांगितलं होतं तो पेंटर आलाच नाही, आणि तपासणी दोन दिवसांवर आली. मी डबा उघडला, कुंचला घेतला आणि वर्गाच्या लांबलचक भिंतीवर मेंढरांचा कळप काढला. लेकरं मागं बसून सांगत होती, "बाई, त्या कोकराला पाय न्हाई काढला." त्या भिंतीचा फोटो फिरत फिरत पुण्याच्या एका प्रकाशनातल्या बाईंपर्यंत गेला. त्या लेकरांसाठी पुस्तकं काढतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी फोन केला, कळपामागं फिरणाऱ्या एका पोरीची गोष्ट आहे, सोळा चित्रं हवीत, पण सगळी संगणकावर चालतील अशी. मी मोबाईलवर बोटानं दोन काढून पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "चित्रात जीव आहे, पण रेषा डळमळते. छापल्यावर ते जास्त दिसेल. अडचण हाताची आहे की साधनाची, तेवढं बघा. हाताची असेल तर आम्हाला दुसरं कुणी पाहावं लागेल."

शाळेच्या ओट्यावर उभी राहून मी तो निरोप तीनदा वाचला. हाताची की साधनाची. हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता, अप्पा. तेहेतीस वर्षांपूर्वी त्याची दोन उत्तरं तुम्हीच दिली होती, दोन्ही वेगवेगळी.

मी आठवीत आहे. दिवाळी होऊन गेलीय. मेंढरं ओढ्यात धुऊन वाळवलीत आणि तुम्ही लिंबाखाली कातरायला बसलात. दर वर्षी मी नुसते पाय धरायची, या वर्षी तुम्ही माझ्या हातात जुनी कातर देता. दोन मेंढ्यांची लोकर नीट उतरते. तुम्ही बघून न बघितल्यासारखं करता, पण तुमच्या मिशीखाली हसू आहे. तिसरीच्या बरगडीपाशी कातर लोकरीत अडकते, मी जोर लावते आणि चामडी फाटते. काळ्या लोकरीवर रक्त दिसतसुद्धा नाही, माझ्या बोटांना लागतं तेव्हा कळतं. मी रडायला लागते. तुम्ही उठता, तेलात हळद कालवून लावता, मग ती कातर घेऊन अंगठ्यावर धार पाहता. "रडू नको," तुम्ही म्हणता. "तुझा हात बराबर हाय. हिची धारच गेली, तू काय करशील?" तेवढ्या बोलण्यानं माझं रडू थांबतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी स्वतःच्या हाताकडं अधूनमधून पाहत होते. माझा हात बरोबर होता. तुम्ही तसं म्हणाला होता.

त्याच आठवड्यात नवी कातर आणायला आपण बाळापूरच्या बाजारात गेलो. मला सोबत घेतलं, कारण चित्रकलेच्या परीक्षेसाठी सरांनी रंग आणायला सांगितले होते. आधी कातर. तुम्ही पाच-सहा कातरी हातात घेतल्या, कानाशी नेऊन उघडझाप केली, खिशातून लोकरीचा पुंजका काढून एकेकीनं कापून पाहिला. दुकानदार म्हणाला, "मामा, ही मधली न्या. कातरती तीबी." तुम्ही मान हलवलीत. "कातरती, पण अडकती. जनावराला तकलीफ होती." आणि सगळ्यात भारी ती घेतलीत, घासाघीस न करता. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू. आपला बाप पारखी आहे, चांगल्याला चांगलं म्हणतो आणि उचलतो.

तिथून शंभर पावलांवर वह्या-पुस्तकांचं दुकान. रंगांच्या तीन पेट्या काचेवर मांडल्या गेल्या. सरांनी सांगितलेली ती भारी पेटी मी ओळखली, बोटानं दाखवलीही. तुम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. हनुवटी हलली. "मधली द्या. पोरीला कामापुरतं बास. कुठं पेंटर व्हायचंय तिला?" दुकानदार हसला. तुम्ही हसलात. आणि मीही हसले, अप्पा. मला सगळ्यात जास्त तेच सलतं. एकही रंग कागदावर लावून पाहायचं तुमच्या मनात आलं नाही. लोकरीचा पुंजका मात्र घरून आणला होता.

त्या पेटीतला निळा पाण्यात विरघळायचाच नाही. कुंचल्याचे केस गळून कागदाला चिकटायचे. परीक्षेत मला आभाळ काढायचं होतं, ते सगळं खडबडीत डागांचं झालं, वर दोन केस आडवे. ते काढायला नख लावलं तर कागद फाटला. मी नापास झाले. घरी येऊन तुम्हाला म्हणाले, "रंगच चांगले न्हवते, अप्पा." तुम्ही दावं वळत होता, मान वर न करता म्हणालात, "हाताला येत न्हाई तर रंगाला काहून बोल लावतीस?"

मेंढीची चामडी फाटली तेव्हा चूक कातरीची होती. माझा कागद फाटला तेव्हा चूक हाताची झाली. दोन महिन्यांत माझा हात बदलला नव्हता. मेंढी तुमच्या लेखी महत्त्वाची होती, चित्र नव्हतं, एवढंच. तुम्ही गरीब होता म्हणून असं झालं, असं मी फार वर्षं स्वतःला समजावलं. पण ते खरं नाही. भारी कातर घेताना आपण गरीब नव्हतो. आणि तुमचं ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पंचवीस वर्षं कुंचला धरला नाही. कुणी म्हटलं, बाई तुम्ही फळ्यावर छान चित्र काढता, तर मी म्हणायची, छे, माझा हात नाही चांगला. तुमचं वाक्य मी तुमच्याच आवाजात बोलत होते.

म्हणून मागच्या रविवारी हिंगोलीला गेले. नवरा सोबत होता. ते भले आहेत, तुम्हीच पाहून दिलेत. रस्त्यात म्हणाले, "मधल्यातला बघू. तुला काय, चित्रंच तर काढायचीत." मी खिडकीबाहेर पाहत बसले. दुकान मोठं, थंडगार, सगळीकडं काचा. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं आणि यांनाच विचारलं, "सर, मुलासाठी पाहिजे का? ऑनलाइन क्लाससाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "चित्रं काढायला. दोन्ही दाखवा. मधला अन् भारी. अन् दोन्हीवर मला काढून बघायचंय."

तिनं दोन्ही समोर ठेवले. मधला वाईट नव्हता, अप्पा, खोटं सांगणार नाही. त्याची काच मोठी होती, पेन डब्यातच मिळत होतं, आवाज खणखणीत. भारीचं पेन वेगळं घ्यायचं, किंमत दुपटीच्या वर. ही मुलगी मधल्याचे गुण सांगत होती, हे माना डोलवत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि मधल्यावर एडक्याचं शिंग काढायला घेतलं. भरभर काढलं तर बरं येत होतं. मग मुद्दाम सावकाश, तिरकी रेघ ओढली. रेघ पेनाच्या मागून येत होती आणि थरथरत येत होती, पाण्यात हललेल्या काठीसारखी. पुन्हा ओढली. पुन्हा तशीच. मग तीच रेघ, त्याच वेगानं, भारीवर ओढली. पेनाच्या टोकाखालून ती निघाली आणि जिथं थांबले तिथं थांबली. पेन जरा दाबलं की जाड, उचललं की बारीक. मी शिंग पूर्ण केलं, कान काढला, डोळा काढला. हात सरळ चालत होता.

"मला तर दोन्ही सारखेच दिसू लागले," हे म्हणाले. "अन् हाताला सवय झाली की मधल्यावरबी जमंल तुला."

अप्पा, दुकानात चार माणसं होती. मी आयुष्यात चारचौघांत यांना उलट बोलले नव्हते. पण त्या वाक्यात तुम्ही बोललात, आणि माझा आवाज चढला. "ती रेघ थरथरतीय, मी न्हाई," मी म्हणाले. "माझा हात बराबर हाय. तुमी बसा इथं अन् सावकाश एक रेघ वढून दाखवा. मग सांगा सवय."

ते खरंच बसले. आधी मधल्यावर रेघ ओढली, मग भारीवर. मग पुन्हा मधल्यावर. मुलगी आता माझ्याकडं पाहत होती. "मॅडम बरोबर बोलतायत, सर," ती हळूच म्हणाली. "सिनेमा बघायला काही फरक पडत नाही. चित्राला पडतो." हे उठले, म्हणाले, "मी चहा पिऊन येतो," आणि बाहेर गेले. मला वाटलं रागावले. मी माझं कार्ड काढून दिलं. पगार माझा, चित्रं माझी, हात माझा. पावतीवर नाव कुणाचं टाकायचं असं तिनं विचारलं, तेव्हा मी माझं नाव सांगितलं, अगदी सावकाश, एकेक अक्षर. हे परत आले तेव्हा खोकं पिशवीत गेलं होतं. त्यांनी पिशवीत डोकावलं आणि मुलीला म्हणाले, "आता घेतलंच हाय तर कव्हरबी चांगलं दाखवा. हिच्या हातातून सगळं पडतं." मी डोळे वटारले, मुलगी हसली, आणि आम्ही घरी आलो.

तुम्ही म्हणाल, एका काचेसाठी मेलेल्या बापाला एवढं ऐकवलंस. ऐकवलं. तुम्ही असता तर तोंडावर बोलले नसते हेही खरं, पण त्यात तुमचा मोठेपणा नाही आणि माझा चांगुलपणाही नाही, नुसती भीती होती. आता शाळेतल्या पोरींना मी चांगले रंग आणून देते. एखादीचं चित्र बिघडलं की आधी तिचा कुंचला बघते.

पहिलं चित्र परवा पुण्याला पाठवलं. माळ आहे, मेंढरं पुढं पसरलीत, त्यांच्यामागून घोंगडी पांघरलेला माणूस चाललाय आणि त्याच्यामागं दहा-बारा पावलांवर पोरगी. बाईंचा दुपारीच फोन आला. म्हणाल्या, "आता रेषा ठाम आहे. पुढची पंधरा काढायला घ्या." मग म्हणाल्या, "आणि वडील पाठमोरे ठेवलेत ते मला फार आवडलं. कसं सुचलं?" मी म्हणाले, सुचलं असंच.

हे सगळं त्याच काचेवर लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. मायला वाचून दाखवणार नाही आणि यांनाही नाही. पण बाईंना जे सांगितलं ते खोटं होतं, आणि खरं कुणाला तरी सांगायला हवं. तो माणूस मी आधी समोरून काढला होता. सात वेळा काढला आणि सात वेळा पुसला. मतदान कार्डावरचा तुमचा फोटो घासून गेलाय, दुसरा नाही. पाठ, मान, चालताना डावीकडं झुकणारा खांदा, सगळं बिनचूक येतं. तुमचा चेहरा मला आठवत नाही, अप्पा.