गुत्तेदार म्हणून तुझं नाव

बा, तू मेलास त्याला जमाना झाला, पण तुझ्यावरचा माझा राग काही मेला न्हाई. आज तर लईच वर आलाय, म्हणून नातीची वही ओढून लिहायला बसले. दुसरीपर्यंतची शाळा, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तुला तेवढंही येत नव्हतं, तवा नावं ठेवू नको.

गावात शाळेची इमारत बांधली तेव्हाचं आठवतं का? ज्याच्या रानात तू राबायचास तो मालक सरपंच होता. सरपंचाला आपल्याच पंचायतीचं काम घेता येत न्हाई, म्हणून त्यानं कागदावर ठेका घेणारा गुत्तेदार म्हणून तुला उभं केलं. काम त्याचं, कमाई त्याची, अंगठा तुझा. अन् त्याच कामावर तू मजूर. मी भाकर घेऊन येते तर तुझ्या डोक्यावर दगडाचं घमेलं, मान वाकलेली, अन् मालक बाजेवरून ओरडतोय, "ए गुत्तेदार, पाय उचल की बे!" सगळे हसतात. तूही हसतोस. ते तुझं हसणं मला अजून पचलेलं न्हाई. कामावरच्या रांजणाला गुत्तेदारानं हात लावायचा नव्हता. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. शाळा झाली, भिंतीत नावाची फरशी बसवली. तू मला नेलंस, फेट्याच्या टोकानं फरशी पुसलीस अन् म्हणालास, "वाच." मी वाचलं, गुत्तेदार, अन् पुढं तुझं नाव. "पुन्यांदा वाच." घरी आल्यावर माय म्हणाली, "आता त्या नावाची भाजी करू का?" तू तिच्याशी आठवडाभर बोलला न्हाईस. मालकाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी रामराम घातलास.

आता ऐक. तुझ्या नातसुनेनं, म्हणजे माझ्या सुनेनं, वस्तीतल्या बायांची मजूर संस्था काढली. वडवणीच्या कचेरीत खेपा घालून तिच्या चपलांचे पट्टे तुटले. कधी साहेब न्हाई, कधी शिक्का न्हाई, कधी "बाई, तुमच्यात कुणी माणूस न्हाई का?" अंगणवाडीची भिंत बांधायचं काम अशा संस्थेला देता येतं असं कळलं, अन् लगेच मालकाचा नातू आमच्या दारात. आता त्याची बायको सरपंच हाय, म्हणजे त्याचीही तीच अडचण. खानदानी रोग. हातात साडीची पिशवी. म्हणतो, "आजी, नाव तुमच्या संस्थेचं, काम माझं. तुमी कावून उन्हात मरता? घरी बसा." मी म्हणलं, "साडी तुझ्या बायकोला ने. सरपंच हाय, पण ग्रामसभेला कधी दिसत न्हाई. नेसायला नसंल बिचारीला." सून आत तोंडाला पदर लावून हसत होती. तो गेल्यावर हसू गेलं. म्हणाली, "आत्याबाई, हे काम गेलं तर बाया परत ऊसतोडीला जातील. संस्था मोडली समजा."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सुनेनं काम मागितलं तसा मालकाचा नातू उठला. "ह्या बायांनी कधी गुत्तं घेतलंय का? अनुभव कुठाय?" ग्रामसेवक मान डोलवायला लागला. सून खाली बघायला लागली, अन् बा, अगदी तुझीच मान दिसली मला. मग माझं डोस्कं फिरलं. उठले अन् म्हणलं, "ही शाळा कुणी बांधली?"

"पंचायतीनं," तो म्हणाला.

"गुत्तेदार कोण होता? डोळे हायत ना? वाच त्या फरशीवर."

ग्रामसेवकानं जाऊन वाचलं, मोठ्यानं. मी म्हणलं, "तो माझा बाप. आमच्या घरात अनुभव न्हाई म्हणतोस?"  खरं काय ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळ्यांना ठाऊक. नातू ग्रामसेवकाकडं बघायला लागला. "बोल की लेकरा," मी म्हणलं. "ते नाव खोटं असंल तर सांग सगळ्यांना, कमाई कुणी खाल्ली." पारावरचा तुझ्या जोडीचा एकच म्हातारा उरलाय, तो काठी आपटून म्हणाला, "गुत्तेदाराची लेक हाय ती. द्या काम!" अन् मागून बायांनी हात वर केले.

काम आमच्या संस्थेला मिळालं. सोमवारी पाया खोदायचा हाय. सरपंचाचा नवरा आडवा येणार, वाळू अडवणार, बिल अडवणार, ते सगळं मला ठाऊक हाय. बघू. पण तू खूश होऊ नको. तुझ्या नावानं मी सभेत धडधडीत खोटं बोलले, कारण खरं सांगण्याजोगं तू काही ठेवलंच न्हाईस. एकदा तरी घमेलं खाली टाकून म्हणायचं होतंस, गुत्तेदार मी हाय तर बाजेवर तू कावून? लेक बघत होती तुझी.

हे पान सकाळी चुलीत घालीन. नातीला वही लागते. एवढं मात्र सांगते, सभा उठल्यावर सगळे गेले, मी मागं राहिले. फरशीवर धूळ लई होती. पदरानं पुसली, अन् पुन्यांदा वाचली.