दारातल्या काठ्या

१० नोव्हेंबर, सोमवार
आजपासून ठाम.
वीस तारखेला आदिलाबादला अपंगत्वाच्या दाखल्यांचं शिबिर आहे. दाखला तिथलं बोर्ड देतं, पण त्याआधी गावच्या सरकारी डॉक्टरची, म्हणजे माझी, चिठ्ठी हवी, हे आसपासच्या प्रत्येक गावाला बरोबर ठाऊक. गेल्या खेपेला जरा ढिलाई झाली. मान्य. जो रडला त्याला चिठ्ठी मिळाली. चारुलता तेव्हा म्हणाली होती, तुमच्या चिठ्ठ्या वाचल्या तर अख्ख्या नेरडीगोंडा मंडलात धडधाकट अशी मी एकटीच उरते. बायकोला मेडिकलमधलं काय कळतं!
यंदाची पद्धत शास्त्रीय. पेशंट दारातून स्टुलापर्यंत कसा येतो, तेवढं बघायचं. वीस वर्षांची क्लिनिकल नजर आहे माझी. चालणं लपत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पद्धत यशस्वी. शकुबाई तिच्या प्रितमला घेऊन आली. म्हणे दोन्ही कानांनी ठार बहिरा. मी फाइलीत मान खाली घालून हळूच विचारलं, चहा घेणार का. प्रितम म्हणाला, साखर कमी.
शकुबाई रडायला लागली. मी अजिबात विरघळलो नाही. 'कानात मळ' एवढंच लिहून दिलं. तिनं मागितला म्हणून शिक्का मारला. सही ओघानं आलीच. याला चिठ्ठी म्हणत नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पहिला ठाम नकार!
देवाजी नावाचे म्हातारे गृहस्थ. पूर्वी आदिलाबादच्या कापूस बाजारात हमाल. लॉरीवरून पडून खुबा निकामी झाला, असं त्यांची बायको मनकर्णाबाई सांगत होती. दाखला मिळाला तर तीनचाकी सायकल मिळेल. मग हायवेच्या फाट्यावर शेंगा विकायला बसता येईल. सध्या दिवसभर अंगणात बसून माझंच डोकं खातात, असंही ती म्हणाली.
देवाजी आत आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, ताठ मानेनं. हळू, पण कसलाही आधार न घेता. भिंतीला हात लावत होते, पण तो नवीन रंग बघायला असावा. विचारलं, चालता येतं का. "येते ना सायेब." दुखतं का? "तुमच्या कृपेनं बरं हाय." मनकर्णाबाईनं कोपरानं ढोसलं. "घरी रातभर कन्हून राह्यले, आन् इथं आले तं नवरदेव झाले! सांगा ना खरं, काऊन लाजता?"
अशी जोडपी पुष्कळ पाहिली आहेत. चिठ्ठी मिळणार नाही, म्हणालो. आवाजही चढवला नाही. देवाजी म्हणाले, "बरं सायेब," आणि हात जोडले.
नंतर मलाच कसंतरी झालं. ॲसिडिटी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
महत्त्वाचं निरीक्षण. ओपीडीच्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी काठ्या टेकवलेल्या असतात. आत मात्र एकही पेशंट काठी टेकत येत नाही. अर्थ उघड आहे. काठ्या नाटकासाठी आणतात आणि ऐन वेळी बाहेरच विसरतात!
सुवर्णा सिस्टरला हा शोध सांगितला. ती म्हणाली, "सर, एकदा बाहेर येऊन पाहा ना." एवढा वेळ कुणाला आहे? तरी कल्पना बरी वाटली. उद्या सापळा लावतो. देवाजींना निरोप धाडला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
डावा पाय उशीवर ठेवून लिहितो आहे.
देवाजी आले. योजना अशी की त्यांना 'आता जा' म्हणायचं, त्यांच्याआधी बाहेर जायचं आणि त्यांची खरी चाल पकडायची. 'जा' म्हणालो, झपाट्यानं बाहेर पाऊल टाकलं, काठीत पाय अडकला आणि चपलांच्या ढिगात पालथा पडलो. घोटा मुरगळला.
देवाजी भिंतीला धरून सरकत सरकत दारापर्यंत आले. एका हातानं चौकट पकडली. "सायेब, माहीच काठी हाय ते. घ्या, धरा." मी धरली, उठलो. मग लक्षात आलं, मला काठी सोडता येत नाही आणि त्यांना चौकट. रांगेतले लोक बघत होते. मनकर्णाबाई म्हणाली, "आता दोघंबी सोबतच जा शिबिरात!"
शेवटी करण ऑटोवाल्यानं आम्हाला एकेक करून उचलून ऑटोत बसवलं. वाटेत देवाजींना विचारलं, काठी बाहेर कशाला ठेवता? म्हणाले, "मोठ्या माणसापुढं काठी घेऊन जायाचं नसते, सायेब. देशमुखाच्या ओसरीवर माहा बाप कधी काठी घेऊन चढला नाई. आन् तुमी तं डाक्टर."
मला हे पहिल्यापासून वाटतच होतं. चिठ्ठी ऑटोतच लिहिली. खाली ठळक ओळ: 'काठीसह तपासावे.' सिस्टरला फोन करून दाराच्या पाटीवर वाढवायला सांगितलं: चपला बाहेर, काठ्या आत.
काठी देवाजींनी मलाच ठेवायला लावली. त्यांच्याकडे घरी जुनी एक आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
देवाजींना दाखला मिळाला! बोर्डापुढं काठी घेऊन गेले. त्याबद्दल आधी तिथल्या डॉक्टरांची माफी मागितली म्हणे. सायकल येणार. मनकर्णाबाईनं शेंगा धाडल्या आणि निरोप, "आता माहं अंगन मोकळं." माझ्या नजरेचं यश, दुसरं काय.
घोटा मात्र अजून सुजलेला आहे. आणि नेमकी पुढच्या महिन्यात उटनूरकडच्या जंगलातल्या गावांची ड्युटी लागली आहे. पुष्कळ पायी फिरायचं. ती रद्द करून घ्यायला सोमवारी आदिलाबादला साहेबांकडे जातो. एक्स-रे आहे, अर्ज आहे, केस पक्की. चारुलता म्हणाली, जमलं तर थोडं रडा, तुमच्याकडे तर चालतं. दुर्लक्ष केलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
साहेब नवीन आहेत. खोली वरच्या मजल्यावर. काठी टेकत, कठडा धरत कसाबसा जिना चढलो.
केबिनच्या दाराशी पोचल्यावर काठीकडे नजर गेली. वेळूची, गाठीगाठीची. एवढ्या मोठ्या साहेबांसमोर ती घेऊन जाणं बरं दिसेना. बाहेर भिंतीला टेकवली, केस सारखे केले आणि ताठ आत गेलो.
साहेब चष्म्यावरून बघत होते, दारापासून खुर्चीपर्यंत. मग तब्येत कशी आहे, म्हणून विचारलं. तोंडातून निघून गेलं, "आपल्या कृपेनं बरं आहे, सर."
अर्ज त्यांनी वाचला. एक्स-रे पाकिटातून काढलाच नाही. तेलुगूत हसत म्हणाले, डॉक्टरगारू, माझीही नोकरी पुष्कळ झाली, चालणं लपत नाही.
खाली येऊन ऑटोत बसलो तेव्हा आठवलं, काठी वरच राहिली. देवाजींची वस्तू, सोडून कशी येणार? पुन्हा जिना चढलो. साहेब जेवायला निघाले होते, जिन्याच्या तोंडाशीच गाठ पडली. थांबले आणि कौतुकानं म्हणाले, अरे वा, दुसऱ्यांदा!
पहिल्या तारखेपासून उटनूर.