डावरीच्या हातातली पोलोची काठी

तीर्थरूप बाबा,

नमस्कार करते, पण आज रागातच करते.

कॉलेजच्या पोलो क्लबात नाव घातलंय. घोडीवरून एकदाच पडले, तेही मऊ वाळूत, तेव्हा काळजी नको.

पहिल्याच दिवशी मी काठी डाव्या हातात घेतली, तर कॅप्टन म्हणाला, "उजव्या हातात धर. पोलोत डावरं चालत नाही." माझं डोकंच फिरलं! शाळेत या हातावर छडी बसली, तेव्हा तुम्ही दुकान बंद करून मास्तरांशी भांडायला आला होतात. आई बिचारी "उजव्याची सवय लावू या" म्हणत राहिली. मी तुमचीच लेक. कॅप्टनला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं.

तो म्हणाला, "बरं, पायीच समोरून पळत ये." चेंडू मध्ये ठेवला. तो चेंडू आपल्या उजव्या हाताला राहील असा पळाला, मी माझ्या डाव्या हाताला राहील अशी, आणि आम्ही सरळ एकमेकांवर आदळलो. कपाळ चोळत त्याने विचारलं, "आता खाली घोडे असते तर?"

मेला बरोबर निघाला, याचाच मला जास्त संताप आलाय. रोज तासभर लाकडी घोड्यावर बसून उजव्या हाताने काठी फिरवते. मनगट सुजलंय, पण सोडणार नाही.

तुमची पाठ कशी आहे? दुकानातली पोती उचलू नका. माझ्या कपाळावरच्या टेंगळाचं आईला सांगू नका.

खालची सही उजव्या हाताने केली आहे. ती तिला दाखवा, पण हसू देऊ नका.

तुमची,
डावरी