माईच्या गळ्यातली आई

११ डिसेंबर १९८८, जळगाव
आठवा लागला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज विचारतात, तुझे आबा न्यायला कधी येणार? त्यांना काय सांगू? चोपड्याकडची एस्टी आली की मीच दाराकडे बघते. आबा येत नाहीत. राग येतो. मग ऊन पाठीवर घेऊन बसते, डोळा लागतो.

१४ डिसेंबर
दुपारी झोपेत गावी जाऊन आले. मागे सातपुडा निळा. मी लहान, माईच्या मांडीवर. तिच्या गळ्यातला टाक गालाला गार लागला.
माई आबांची दुसरी बायको. सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालते. ती सवत म्हणजे माझी आई. माझ्या वेळी बाळंतपणात गेली. फोटो एकही नाही. मला वाटायचं आई एवढीच असते, अंगठ्याच्या पेराएवढी. माई नवं लुगडं आधी टाकाला लावायची, मग नेसायची. मीही माझं परकर-पोलकं लावून घ्यायचे.
जागी झाले तेव्हा उशी ओली. उगाच.

२० डिसेंबर
पाय सुजलेत. जोडवी रुतायला लागली म्हणून धुळ्याच्या नणंदबाईंबरोबर सोनाराकडे गेले. म्हातारे काका. मी सहज विचारलं, सवतीचे टाक करता का हो? म्हणाले, वडिलांच्या वेळी लग्नसराईत हाताला उसंत नसे, चोपडा-यावलकडून माणसं यायची. आता बायका बाळंतपणातून वाचतात, वर्षात एखादा. तोही बहुतेक पहाडाकडचा. धंदा बसला हे इतक्या आनंदानं सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.
आमच्या गल्लीतल्या बायका डोळ्यांपुढून गेल्या. म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाक, माईच्या वयाच्यांत थोड्या, माझ्या बरोबरीच्या मोकळ्या. पण वर्षातला तो एखादा कुणाचा?

२२ डिसेंबर
दवाखान्यात डॉ. बाईंनी सूज पाहिली. रक्तदाब वाढलाय. मीठ कमी, डाव्या कुशीवर झोपायचं, जळगाव सोडायचं नाही.
ह्यांना म्हटलं, माझं काही झालं तर दुसरी खुशाल करा, पण तिच्या गळ्यात मला बांधू नका. हे जेवता जेवता उठून गेले. नको होतं बोलायला. पण बोलले.

२ जानेवारी १९८९
आबा आले! आत्याबाईंनी चहा दिला, टोमणाही दिला. उशीर केलात, आता डॉक्टर सोडत नाहीत. आबांनी चहा संपवला. मग माझ्याशी बोलले.
"मी तुले नेवाले नही उनू. तठे मी एकदाव पाह्यं. आते तुनं माहेर आठेच."
गावी आईचं झालं ते त्यांनी एकदा पाहिलंय, म्हणून न्यायला आलेच नाहीत. मागच्या गल्लीत खोली घेतलीय. गाय शेजाऱ्यांकडे, कपाशीची वेचणी चुलत्यावर टाकलेली. माई उद्या येतेय. मी इतके दिवस रुसून बसले होते, आणि हा माणूस खोली शोधत हिंडत होता. खूप रडले.

९ जानेवारी
माहेरी आहे. चार घरं सोडून! माई बिनमिठाची भाजी करते आणि तीच स्वतः खाते. दुपारी तिच्या मांडीवर डोकं. खिडकीतून कुणाच्या तरी परसातली केळ हलते, तिची सावली भिंतीवर. विचारलं, माई, तुला भीती वाटते का गं? केसांतून फिरणारा हात तिनं गळ्यातल्या टाकावर ठेवला.
"मन्हा गयामा एक शे. तेवढंच बस."
मग मला छान झोप लागली.

२२ जानेवारी
सकाळपासून डोकं जड. डोळ्यांपुढे काजवे, दिवसाउजेडी. कंबरेतून कळ येते, जाते. हे डॉ. बाईंना सांगायला पुढे गेलेत. माई पिशवी भरतेय, दुपटी, जुनी लुगडी. मला भीती वाटते. आणि मधेच अगदी हलकं, पाण्यावर पडून राहिल्यासारखं.
रिक्षा आली. आबा दारातून हाक मारताहेत, पण घाईत आईच्या नावानं. माई थबकली. आबांच्या लक्षातही आलं नाही.
मी ओ दिली.